दमा लेकराचा, दोष आईचा?

मुलांचा दमा आणि जीवनसत्त्वे यांचा संबंध काय, हा प्रश्न डॉक्टरांचा आहे. स्त्रियांच्या चळवळीने त्यात कशाला पडायचे, असे काही मैत्रिणींना वाटेल. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये आरोग्य गटाचे काम करताना गेली काही वर्षे मला दिसते आहे की हा प्रश्न फिरून फिरून शेवटी बाईच्याच अंगावर येऊन आदळतो. म्हणून त्यावर आपण आपले मत बनवले पाहिजे आणि ते मोठ्याने मांडले पाहिजे.

वस्तीत घडते ते असे. मूल रात्री धापा टाकते. आई त्याला मांडीवर घेऊन बसून रात्र काढते. सकाळी कामावर खाडा करून दवाखान्यात नेते. तिथे वाफ दिली जाते, मूल जरा सावरते. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मग कोणीतरी रक्त तपासायला सांगते. कागदावर 'ड जीवनसत्त्व कमी' असे येते आणि आकड्याखाली ठळक रेघ असते. त्याबरोबर दोन गोष्टी हातात पडतात: एक म्हणजे पावडरच्या पुड्या किंवा शक्तीचे औषध, आणि दुसरी म्हणजे बोलणी. "मुलाला नीट खायला घालत नाही का?" "घरात कोंडून ठेवता, उन्हात सोडत नाही." घरी गेल्यावर सासू तेच म्हणते, नवरा तेच म्हणतो. गरोदरपणी काय खाल्ले होतेस, इथपर्यंत चौकशी जाते. आपल्या समाजात मूल आजारी पडले की आरोपी आधीच ठरलेला असतो. रक्ताच्या अहवालाने आता त्याला शास्त्राचा शिक्का मिळाला आहे, एवढेच.

या शिक्क्यामागे शास्त्र किती आणि बाजार किती, हे तपासून पाहू.

अभ्यास काय सांगतात

दम्याचा आणि ड जीवनसत्त्वाचा संबंध कोणी हवेतून काढलेला नाही. २००९ साली कोस्टा रिका या देशातल्या सहा ते चौदा वर्षांच्या ६१६ दमेकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी, त्यांचा दमा अधिक तीव्र, असे त्यात दिसले. कोस्टा रिका हा भरपूर उन्हाचा देश, तरीही हे दिसले, म्हणून त्याची चर्चा झाली. त्यानंतर जगभर असे अभ्यास झाले. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा ड जीवनसत्त्व दिल्याने दम्याचे तीव्र झटके कमी होत असावेत, असा आशादायक निष्कर्ष निघाला.

पण दोन गोष्टी एकत्र दिसणे वेगळे, आणि एकीमुळे दुसरी होणे वेगळे. हे ठरवायचे तर मुलांचे दोन गट करून, एकाला खरे औषध आणि एकाला तसेच दिसणारे नुसते पोकळ औषध देऊन, पाहावे लागते. अशी एक मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि २०२० साली प्रसिद्ध झाली. सहा ते सोळा वर्षांची १९२ मुले, सगळ्यांना दमा, सगळ्यांचे ड जीवनसत्त्व कमी. निम्म्यांना ४८ आठवडे रोज ४००० युनिट ड जीवनसत्त्व द्यायचे, असे ठरले होते. रक्तातला आकडा वाढला. दम्याचे तीव्र झटके मात्र थांबले नाहीत: औषध घेणाऱ्यांपैकी ३७.५ टक्के मुलांना असा झटका आला, न घेणाऱ्यांपैकी ३४.४ टक्के मुलांना. पुढे चालू ठेवून काही हाती लागणार नाही असे दिसल्याने चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. २०२३ साली कॉक्रेनने आपला आढावा नव्याने केला. आता त्यात २० चाचण्या होत्या, ११५५ मुले आणि १०७० प्रौढ. या वेळी झटके कमी होत असल्याचे दिसले नाही. आधीचा निष्कर्ष त्यांनी स्वतःच बदलला. शास्त्र असेच चालते, आणि त्याबद्दल त्यांना मानले पाहिजे. आपल्याकडचा बाजार मात्र २०१६ सालीच थांबला आहे.

आता गरोदरपणाचे पाहू, कारण खापर तिथेही फुटते. अमेरिकेत गरोदर स्त्रियांच्या एका गटाला रोज ४४०० युनिट आणि दुसऱ्या गटाला ४०० युनिट ड जीवनसत्त्व देऊन त्यांच्या मुलांवर लक्ष ठेवले गेले. मूल तीन वर्षांचे होईपर्यंत दमा किंवा वारंवार घरघर होण्याचे प्रमाण पहिल्या गटात २४.३ टक्के आणि दुसऱ्यात ३०.४ टक्के होते. फरक दिसतो, पण तो योगायोगाने आलेला नाही असे खात्रीने म्हणण्याइतका तो नव्हता. मुले सहा वर्षांची झाली तेव्हा दम्याच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच निघाले. हा निकाल २०२० साली छापून आला. तेव्हा 'गरोदरपणी तू गोळ्या घेतल्या नाहीस म्हणून याला दमा' असे कोणी कोणत्याही आईला म्हणू नये. त्याला आधार नाही.

अ जीवनसत्त्वाची एक गोष्ट आपल्या शेजारच्या नेपाळमधली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. तराईतल्या सर्लाही जिल्ह्यात, जिथे अ जीवनसत्त्वाची कमतरता मोठी होती, १९९४ ते १९९७ या काळात स्त्रियांना गरोदरपणाच्या आधी, गरोदरपणी आणि नंतर दर आठवड्याला अ जीवनसत्त्व दिले गेले. त्यांची मुले नऊ ते तेरा वर्षांची झाल्यावर त्यांच्या फुप्फुसांची ताकद मोजली, तेव्हा ती इतर मुलांपेक्षा जास्त भरली. एका सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा सरासरी ४६ मिलिलिटर अधिक होती. दम्याचे प्रमाण मात्र कमी झाले नाही. याचा अर्थ मी असा लावते: बाईचे पोषण मुलाच्या फुप्फुसाला घडवते, यात शंका नाही. पण ते पोषण तिच्या वाट्याला तिच्या लहानपणापासून यायला हवे. पाचव्या महिन्यात आठवण झाली म्हणून ते येत नाही, आणि ते एका पुडीत मावत नाही. (गरोदर बाईने अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस मनाने घेणे गर्भाला धोक्याचे असते, हेही बैठकीत सांगायला हवे.)

मग दोन्ही एकाच मुलात का?

दम्याच्या मुलांमध्ये ड जीवनसत्त्व कमी का आढळते, याचे साधे उत्तर वस्तीत फिरणाऱ्या कोणालाही सुचेल. धाप लागणारे मूल खेळायला बाहेर जात नाही, घरात बसते. मग ऊन कुठून मिळणार? म्हणजे कधी कधी दमा आधी आणि कमतरता मागून.

दुसरे उत्तर त्याहून मोठे आहे. दिल्लीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांचे रक्त तपासले होते. काही मुले मोरी गेट या फार प्रदूषित भागातली, काही तेव्हा बरीच स्वच्छ हवा असलेल्या गुडगावची. मोरी गेटच्या मुलांमध्ये ड जीवनसत्त्व सरासरी १२.४ नॅनोग्रॅम, गुडगावच्या मुलांमध्ये २७.१. कारण असे की सूर्याच्या ज्या किरणांनी आपल्या कातडीत हे जीवनसत्त्व तयार होते, ते किरण धुरकट हवेत अडतात. खिडकीच्या काचेतूनही ते आत येत नाहीत. आता बघा, जो धूर ऊन अडवतो, तोच धूर श्वासनळ्यांनाही चिरडीला आणतो. एकाच धुराने दोन दुखणी दिली, आणि आपण एका दुखण्याला दुसऱ्याचे कारण समजून बसलो.

आमच्या मुंबईत तर ऊन ही वस्तू चौरस फुटांच्या हिशोबाने मिळते. २०१८ साली 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास पुढे आणला. तो क्षयरोगाबद्दल होता. पण त्यात जे दिसले ते दम्यालाही लागू पडते: इमारती इतक्या खेटून बांधलेल्या की खालच्या मजल्यांवर ना उजेड पोहोचतो, ना वारा. भर दुपारी दिवा लावून भाकरी थापावी लागते. ओल धरलेली भिंत, बुरशी, कोंदट हवा आणि वरून धूप-उदबत्ती, डासांची कॉइल. तिथल्या आईला 'मुलाला उन्हात सोडत जा' असे सांगणे म्हणजे थट्टा आहे. ज्या आराखड्यावर सह्या झाल्या, त्या सह्या करणाऱ्यांना कोणी विचारत नाही की ऊन कुठे आहे.

याच ठिकाणी आणखी एक खापर फुटते, ते बुरख्यावर. कपड्याने अंग झाकले तर ऊन कमी लागते, हे खरे. पण मुलगी वयात आली की तिचे मैदानावर जाणे बंद करण्यात कोणता समाज मागे आहे? २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ड जीवनसत्त्वाची कमतरता एक ते चार वर्षांच्या १४ टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या १८ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या २४ टक्के मुलामुलींत आढळली. वय वाढते तसे ऊन कमी होत जाते. आणि या वयात मुलांपेक्षा मुलींमध्ये कमतरता जास्त. हा आकडा मला मुलींच्या अडवलेल्या पावलांचा हिशोब वाटतो.

पाळणाघराची मागणी, पुन्हा एकदा

पुण्यातल्या गरीब वस्तीतल्या लहान मुलांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. जी मुले पाळणाघरात जात होती आणि तिथे रोज उन्हात खेळत होती, त्यांची स्थिती चांगली होती. जी मुले दिवसभर घरातच होती, त्यांच्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि मुडदूस अधिक होता. वस्ती तीच, गरिबी तीच. फरक पडला तो पाळणाघराने.

पाळणाघर ही आपल्या चळवळीची किती जुनी मागणी! आपण ती कष्टकरी बाईच्या सोयीसाठी केली, मोठ्या बहिणीची शाळा सुटू नये म्हणून केली. ती मुलांच्या हाडांसाठीही होती, हे आता आकड्यांनी सांगितले आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. पण धुणीभांडी करणारी, नाक्यावर उभी राहणारी, घरात बसून कागदी पिशव्या चिकटवणारी बाई कोणत्या आस्थापनेत मोडते? २०२२ पासून अंगणवाडीला जोडून पाळणाघरे चालवण्याची 'पाळणा' योजना आली आहे. आपल्या वॉर्डात अशी किती पाळणाघरे उघडली, आणि त्यांना उन्हाचे अंगण आहे की जिन्याखालची खोली, हे आपण जाऊन पाहायला हवे.

खरे औषध कुठे अडते?

माझा सर्वात मोठा राग पुडीवर नाही, पुडीमुळे जे मागे पडते त्यावर आहे. दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात आणि आवळतात. त्यावर ओढायची दोन प्रकारची औषधे असतात. एक, साल्ब्युटामॉलसारखे, आवळलेली नळी तेवढ्यापुरती मोकळी करणारे. दुसरे, ब्युडेसोनाइडसारखे, सूज कमी ठेवून झटका टाळणारे. हे रोज घ्यायचे असते. आपण त्याला 'पंप' म्हणतो आणि घाबरतो. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय', हे आईच्या मनात पक्के बसवलेले असते. वास्तविक पंपातून औषध थोड्या मात्रेत, सरळ जिथे हवे तिथे पोहोचते. गोळ्या आणि पातळ औषध अख्ख्या शरीरात फिरते.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या मोठ्या पाहणीत, ज्यात पुणेही होते, घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के जणांना दमा असल्याचे निदानच झालेले नव्हते. रोजचा प्रतिबंधक पंप घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी. मघाशी सांगितलेल्या अमेरिकेच्या चाचणीत प्रत्येक मुलाला प्रतिबंधक पंप चालू होता. ड जीवनसत्त्व त्यावर जादा देऊन पाहिले होते. आपल्याकडे पंप नाही आणि पुडी आहे. घराला छप्पर नाही आणि तोरण बांधले, तसे हे झाले.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. बालपणी दमा मुलांमध्ये जास्त दिसतो, वयात आल्यावर मुलींमध्ये वाढतो. नेमक्या त्याच वयात तिचा पंप कपाटात लपतो, कारण 'लग्न कसे जमेल?' आमच्या गटात आलेल्या एका आईने मला स्पष्टच सांगितले, "ताई, मुलाचा पंप शाळेच्या दप्तरात असतो, मुलीचा डब्याच्या फळीवर, तांदळाच्या डब्यामागे." तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तिने समाज ओळखला आहे, एवढेच तिचे चुकले.

आणि सरकार? ही दोन्ही औषधे राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. यादीत असणे आणि दवाखान्याच्या खिडकीवर मिळणे यात किती अंतर आहे, ते रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला विचारा. २०२४ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय औषध किंमत नियामकाने आठ औषधांच्या कमाल किमती पन्नास टक्क्यांनी वाढवायला परवानगी दिली, त्यात साल्ब्युटामॉलच्या गोळ्या आणि वाफेतून द्यायचे द्रावणही होते. रक्ताची एक ड जीवनसत्त्वाची तपासणी खासगी ठिकाणी करायची तर हजाराच्या आसपास रुपये जातात. तेवढ्यात मुलाचा प्रतिबंधक पंप दोन-तीन महिने तरी चालेल. बाईने कोणत्या गोष्टीवर पैसे खर्च करावेत, हे तिला खरे सांगणारा कोणी नको का?

अन्नाचेही असेच. ड जीवनसत्त्व फार थोड्या पदार्थांत असते: अंड्याचा बलक, बांगडा-तारलीसारखे तेलकट मासे. महाराष्ट्रात २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी बंद केला. द्यायचे असेल तर लोकवर्गणीतून द्या, म्हणाले. एका अंड्याने दमा जाणार नाही, हे मी आत्ताच सांगितले. पण ताटातले अंडे काढून घेणाऱ्यांनी आईला 'मुलाला काय खायला घालतेस' असे विचारू नये.

मग पुड्या फेकून द्यायच्या?

नाही. हे नीट समजून घेऊ, नाहीतर एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाऊ. ड जीवनसत्त्व हाडांसाठी लागतेच. तान्ह्या बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० युनिट थेंब द्यावेत, असे भारतीय बालरोग अकादमी सांगते, ते द्यावेत. मुडदूस असेल, कमतरता खरोखर असेल, तर उपचार व्हायलाच हवा. पण अकादमीच्या मते रक्तात २० नॅनोग्रॅम पुरेसे, १२ च्या खाली कमतरता. अनेक प्रयोगशाळांच्या कागदावर मात्र ३० च्या खाली सगळेच 'कमी' छापून येते. आकड्याची रेघ वर सरकवली की आजारी माणसे आपोआप वाढतात. आणि मोठ्या मात्रेच्या पुड्या किंवा इंजेक्शने सल्ल्याशिवाय वारंवार घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, मूत्रपिंडाला इजा असे प्रकार होतात. जीवनसत्त्व आहे म्हणून कितीही चालते, असे नाही.

आपल्या गटांनी काय करावे

एक. ज्या मुलाला वारंवार रात्री खोकला, घरघर, धाप होते, त्याच्या आईबरोबर दवाखान्यात जावे आणि सरळ विचारावे: हा दमा आहे का? प्रतिबंधक पंप हवा का? तो इथे मिळेल का?

दोन. पंपाला जोडायची नळी महाग पडते. अर्ध्या लिटरच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून ते नीट बंदिस्त केले तर ती बाजारातल्या नळीइतकीच काम देते, हे दक्षिण आफ्रिकेत १९९९ सालीच दाखवले गेले आहे. डॉक्टर किंवा नर्सला दाखवून ती बैठकीत करून बघावी.

तीन. धोक्याची चिन्हे सगळ्यांना पाठ हवीत: मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नाही, श्वास घेताना बरगड्यांमध्ये खळ्या पडतात, ओठ निळसर होतात, पंप देऊनही आराम नाही. अशा वेळी घरगुती काही न करता तडक रुग्णालय.

चार. सरकारी दवाखान्यात साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइडचे पंप किती आले, किती दिवस संपलेले होते, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. उत्तर फलकावर लावावे.

पाच. पाळणाघर, मैदान आणि चुलीचा धूर हे विषय आरोग्याच्या मागण्यांमध्ये घालावेत. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या ५८.६ टक्केच घरांत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन होते. सिलिंडर मिळाला पण भरायला पैसे नाहीत म्हणून जी बाई पुन्हा लाकडे फुंकते, तिच्या शेजारी तिचे मूल बसलेले असते.

सहा. मुलींचा पंप फळीवरून खाली काढावा. त्यासाठी आधी आपल्या घरातल्या मुलींपासून सुरुवात करावी.

जीवनसत्त्वाच्या पुडीला माझा विरोध नाही. हवा, उजेड, घर, अन्न आणि औषध यांचा सगळा हिशोब त्या एका पुडीत बांधून आईच्या हातात देण्याला माझा विरोध आहे. तो हिशोब ज्यांनी द्यायचा आहे, त्यांच्याकडून आपण तो मागून घेतला पाहिजे. पुढच्या अंकापर्यंत आपापल्या भागातल्या दवाखान्यांची आणि पाळणाघरांची माहिती गटांनी गोळा करून पाठवावी. मग बोलायला आपल्याकडेही आकडे असतील.